मेमरी सोडली, पण कार्ड अजून लिहितंय: साऊंड ड्रायव्हरचं डीबगिंग

साऊंड ड्रायव्हरमधला मेमरीचा बग शोधायला बसले की मी आधी कोड उघडत नाही. कागद घेते आणि लिहून काढते, की या बफरला (आवाजाचे आकडे ठेवायच्या मेमरीला) आणि या स्ट्रक्चरला (ड्रायव्हरच्या नोंदींच्या गठ्ठ्याला) आत्ता कोण कोण हात लावू शकतं. अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या साऊंड सिस्टीममध्ये, हे हात साधारण सहा असतात. गाणं वाजवणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामची एक धाव. तीच फाइल उघडून बसलेला त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड. दुसऱ्याच सीपीयूवर धावणारा इंटरप्ट हँडलर, म्हणजे कार्डाने इंटरप्टची हाक मारली की चालणारा कोड. कार्डाचं डीएमए, जे सीपीयूला न विचारता मेमरीत लिहितं. आपणच मागे लावून ठेवलेले टायमर आणि वर्क, म्हणजे नंतर करायला ठेवलेली कामं. आणि मधेच यूएसबी केबल उपटली गेली की सुरू होणारा डिस्कनेक्टचा कोड. आजवर माझ्या वाट्याला आलेला जवळजवळ प्रत्येक बग हा यातल्या दोघांमधला होता: एकाला वाटलं काम संपलं, दुसऱ्याचं अजून चालू होतं.

हे बग साऊंडमध्ये एवढे का दिसतात, ते एका हिशोबात कळतं. ४८,००० हर्ट्‌झवर ४८ फ्रेमचा पीरियड ठेवला (फ्रेम म्हणजे सगळ्या चॅनेलचे एका क्षणाचे आकडे, पीरियड म्हणजे किती फ्रेमनंतर कार्ड हाक मारतं तो टप्पा) तर दर मिलिसेकंदाला एक इंटरप्ट येतो. तासाला ३६ लाख. म्हणजे दहा लाखांत एकदा जुळून येणारा योग इथे तासाभरात तीन-चार वेळा येतो. म्हणून "असं कधी होणारच नाही" हे वाक्य कोडच्या कॉमेंटमध्ये दिसलं की मी तिथेच थांबते आणि तीच जागा आधी तपासते.

तयारी

दोन वेगळे कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधून ठेवा. एकात केसॅन, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागला की तिथल्या तिथे पकडणारं साधन. दुसऱ्यात केसीसॅन, म्हणजे दोन सीपीयूंची शर्यत पकडणारं. ही दोन्ही एकाच कर्नलमध्ये चालू करता येत नाहीत, त्यामुळे एकात भागवायचा प्रयत्न करू नका. केसॅन ४.० पासून कर्नलमध्ये आहे, केसीसॅन ५.८ पासून. केसॅनच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कुलपं, कोणत्या क्रमाने घेतली जातात ते तपासणारं साधन), अ‍ॅटॉमिक संदर्भात (थांबायला मनाई असताना) झोपणाऱ्या फंक्शनांची तपासणी आणि शेअर्ड इंटरप्टचं डीबगिंगही चालू करा. हे शेवटचं बरेच जण विसरतात. ते हँडलर काढून घेताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट सोडतं. तुम्ही चिपची मेमरी आधी सोडून इंटरप्ट नंतर सोडत असाल, तर ड्रायव्हर अनलोड करतानाच चोरी उघडी पडते.

या कर्नलवर मशीन मंदावतं, आवाज तुटतो, एक्सरन (बफर वेळेत भरला किंवा रिकामा झाला नाही अशा चुका) येतात. त्यांच्या मागे लागू नका. आत्ता आपण मेमरीचा माग काढतो आहोत.

हार्डवेअर हाताशी नसेल तर क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्राममध्ये इंटेल एचडीए, एसी९७ आणि यूएसबी ऑडिओची नकली कार्डं मिळतात. अल्साच्या वरच्या थरातला बग असेल तर कर्नलमधले डमी आणि लूपबॅक ड्रायव्हरही पुरतात. व्हर्च्युअल मशीनला खऱ्या कोअरपेक्षा जास्त सीपीयू द्या. मग एखादा व्हर्च्युअल सीपीयू नेमका नाजूक जागी थांबवला जातो, दुसरा पुढे निघून जातो, आणि एरवी नॅनोसेकंदांची असलेली फट मिलिसेकंदांची होते.

केसॅनचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टमध्ये तीन स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनाने कुठलं बोलावलं त्याच्या याद्या, असतात: चुकीचा हात कुणी लावला, मेमरी कुणी घेतली होती आणि कुणी सोडली. नवीन माणूस पहिल्या स्टॅकवर अडकतो, कारण क्रॅश तिथे दिसतो. मी तिसरा आधी वाचते. मेमरी सोडणाऱ्याला का वाटलं, की आता कुणी वापरत नाही? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुरुस्तीची जागा बहुतेक वेळा आपोआप कळते. पहिल्या स्टॅकच्या जागी नल तपासणी (पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, रिकामा आहे का ते पाहणं) टाकून क्रॅश थांबवता येतो, पण बग तिथेच राहतो. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात मेमरी जायची ती जातेच.

खाली शॅडो बाइट्सच्या, म्हणजे केसॅनने मेमरीबद्दल ठेवलेल्या खुणांच्या, ओळी असतात. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक शॅडो बाइट. आजूबाजूला सगळं 'एफबी' दिसत असेल तर मेमरी सोडल्यानंतरचा वापर आहे. वस्तू संपून 'एफसी' लागलं असेल तर हद्द ओलांडली आहे. हद्द ओलांडण्याचे बग साऊंडमध्ये बहुतेकदा फ्रेम आणि बाइट यांच्या गल्लतीतून येतात. १०२४ फ्रेम, दोन चॅनेल, १६ बिट म्हणजे ४०९६ बाइट. तेच ३२ बिटला ८१९२. अल्सा आकार फ्रेममध्ये देतं आणि मेमरी कॉपी बाइट मागते. कुणीतरी मधे चार हा आकडा थेट लिहून ठेवलेला असतो आणि १६ बिट स्टिरिओ चालू आहे तोवर तो बरोबरही असतो.

केसॅन एरवी पहिला रिपोर्ट देऊन गप्प बसतं. बूटच्या वेळी मल्टी-शॉटचा पर्याय द्या, म्हणजे पुढचेही दिसतील. पण विश्वास पहिल्यावरच ठेवा.

उदाहरण म्हणून सीव्हीई-२०१७-१५२६५ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) नीट बघण्यासारखा आहे. अल्साच्या सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडी संदेश इकडून तिकडे पोचवणाऱ्या भागात, नवा पोर्ट तयार करणारं फंक्शन पोर्ट यादीत घालायचं आणि त्याचा पॉइंटर परत द्यायचं. यादीत गेल्या क्षणी तो पोर्ट सगळ्यांना दिसायला लागतो. दुसऱ्या थ्रेडने तेवढ्यात तो डिलीट केला, की पहिल्याच्या हातात राहतो तो सोडलेल्या मेमरीचा पत्ता. दुरुस्ती अशी, की पॉइंटर परत देण्याआधीच संदर्भाची मोजणी (ही वस्तू किती जण वापरताहेत तो आकडा) एकने वाढवायची आणि काम झाल्यावर कमी करायची. तुमच्या ड्रायव्हरमध्ये कुठल्याही यादीत वस्तू घालणारी ओळ शोधा आणि त्या ओळीनंतर त्याच पॉइंटरचा वापर आहे का पाहा. दहा मिनिटांचं काम आहे आणि मला त्यात दोनदा खरे बग सापडले आहेत.

जे केसॅनला दिसत नाही

आता ज्या बगने मला सगळ्यात जास्त शिकवलं तो सांगते. आठ चॅनेलच्या एका रेकॉर्डिंग कार्डाचा ड्रायव्हर मी सांभाळत होते. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोग्राम मारला की कधी तरी, काही मिनिटांनी, मशीन कोसळायचं. कोसळायचं ते फाइल सिस्टीममध्ये, कधी नेटवर्कच्या कोडमध्ये. साऊंडचं नावही स्टॅकमध्ये नसायचं. रॅम खराब असेल म्हणून रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, ती स्वच्छ निघाली. केसॅनही गप्प.

केसॅन गप्प होतं यात त्याचा दोष नव्हता. ते कंपायलरने पेरलेल्या तपासण्यांवर चालतं, म्हणजे सीपीयूने केलेलं वाचन-लेखनच त्याला दिसतं. कार्ड डीएमएने लिहितं तेव्हा मधे कुठलीच तपासणी नसते. शिवाय बफर पूर्ण पानांमध्ये घेतलेला असतो आणि पानांच्या मधे केसॅन संरक्षक पट्टा ठेवत नाही.

मग मी पेज पॉयझनिंग चालू केलं. यात सोडलेलं प्रत्येक पान 'एए' या बाइटने भरून ठेवलं जातं आणि पुन्हा कुणाला देताना ते तसंच आहे का ते तपासलं जातं. तिसऱ्या प्रयत्नाला लॉगमध्ये मेमरी करप्शनची ओळ आली. सोबतचा स्टॅक नव्याने पान मागणाऱ्या कुणा निरपराध कोडचा होता, म्हणून तो बाजूला ठेवला आणि बदललेले बाइट पाहिले. ते असे होते:

०३ ०० एफई एफएफ ०१ ०० ०० ०० एफएफ एफएफ ०२ ००

दोन-दोन बाइट उलटे जोडून चिन्हासह वाचा: ३, उणे २, १, ०, उणे १, २. शून्याभोवती घुटमळणारे छोटे आकडे. शांत खोलीतल्या मायक्रोफोनचा आवाज असाच दिसतो. खात्रीसाठी मी रेकॉर्डिंग चालू असताना मायक्रोफोनजवळ सतत टाळ्या वाजवल्या आणि त्यातच प्रोग्राम मारला. पुढच्या डंपमध्ये हजारांतले आकडे आले. कुणाचा हात होता ते त्या क्षणी नक्की झालं, आणि इतक्या आठवड्यांनंतर मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

बिघडलेला तुकडा दरवेळी २५६ बाइटांचा होता, म्हणजे आठ चॅनेल आणि १६ बिटच्या १६ फ्रेम. कार्डाच्या फिफोचा, म्हणजे आतल्या छोट्या साठवणीचा, आकारही तेवढाच. उलगडा असा झाला: ट्रिगरमध्ये, म्हणजे स्ट्रीम चालू-बंद करणाऱ्या फंक्शनात, 'थांब' सांगितलं की मी कार्डाच्या रजिस्टरमध्ये एक बिट लिहून परत फिरत होते. पीसीआयवरचं (सीपीयू आणि कार्ड यांना जोडणाऱ्या मार्गावरचं) असं लेखन वाटेत थांबून राहू शकतं, कार्डापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. पोचल्यावरही कार्ड हातातला फिफो रिकामा करूनच थांबत होतं. तोवर बफर सोडून झालेला असायचा. माझा ड्रायव्हर बफर आधीपासून राखून ठेवत नव्हता, दर रेकॉर्डिंगला नवा घेऊन शेवटी सोडत होता. राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये हाच बग वर्षानुवर्षं दिसलाही नसता.

दुरुस्ती ट्रिगरमध्ये करता येत नाही. तिथे स्ट्रीम लॉक (त्या प्लेबॅकचा किंवा रेकॉर्डिंगचा लॉक) धरलेला असतो, इंटरप्ट बंद असतात, वाट पाहत बसता येत नाही. त्यासाठी सिंक-स्टॉप हा कॉलबॅक, म्हणजे अल्साने बोलवायचं ड्रायव्हरचं फंक्शन, आहे. तो लॉकबाहेर चालतो, झोपू शकतो, आणि प्रिपेअर (सुरू करायची तयारी), एचडब्ल्यू-पॅराम्स (फॉरमॅट आणि बफर ठरवणं) आणि एचडब्ल्यू-फ्री (बफर सोडणं) यांच्या आधी बोलावला जातो. तिथे मी आधी तेच रजिस्टर परत वाचते, म्हणजे वाटेतलं लेखन कार्डापर्यंत ढकललं जातं. मग डीएमए मोकळं झाल्याचा स्टेटस बिट येईपर्यंत, मुदत घालून, वाट पाहते. जुन्या कर्नलमध्ये हा कॉलबॅक नसेल तर हेच काम एचडब्ल्यू-फ्रीमध्ये बफर सोडण्याआधी आणि प्रिपेअरच्या सुरुवातीला करा.

मशीनमध्ये आयओएमएमयू (कार्डाला मेमरीत कुठे हात लावता येईल ते ठरवणारं हार्डवेअर) असेल तर तेही कामाला लावा, पण स्ट्रिक्ट मोडमध्ये. लेझी मोडमध्ये मॅपिंग काढल्यावरही थोडा वेळ जुना पत्ता चालू राहतो आणि नेमकी आपल्याला हवी ती चूक निसटते.

लॉक: इंटरप्ट आणि स्ट्रीम

साऊंड ड्रायव्हरमध्ये मशीन गोठण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण एकच आहे. ट्रिगर आणि पॉइंटर (कार्ड बफरमध्ये कुठवर पोचलं ते सांगणारा) हे कॉलबॅक स्ट्रीम लॉक धरून येतात आणि आत आपण चिपचा लॉक घेतो. म्हणजे क्रम झाला: आधी स्ट्रीम, मग चिप. इंटरप्ट हँडलरमध्ये मात्र आपण आधी चिपचा लॉक घेतो आणि तो धरूनच पीरियड संपल्याचं अल्साला कळवणारं पीरियड-इलॅप्स्ड हे फंक्शन बोलावतो, जे आत स्ट्रीम लॉक मागतं. क्रम उलटा झाला. दोन सीपीयू एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचे उभे राहतात. एकाच सीपीयूवरही सुटका नाही, कारण पीरियड-इलॅप्स्ड पुढे आपलाच पॉइंटर कॉलबॅक बोलावतं आणि तो चिपचा लॉक पुन्हा मागतो.

उपाय: हँडलरमध्ये लॉक घ्या, स्टेटस वाचा, इंटरप्टची पोच द्या, कोणत्या स्ट्रीमचा पीरियड संपला ते लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा, लॉक सोडा, आणि मग पीरियड-इलॅप्स्ड बोलवा. लॉकडेपची मोठी सोय अशी, की प्रत्यक्ष गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही क्रम वेगवेगळ्या वेळी एकदा जरी घडले तरी ते तक्रार करतं. म्हणून लॉकडेपच्या कर्नलवर प्ले, रेकॉर्ड, पॉज, सस्पेंड, मिक्सर असा प्रत्येक रस्ता एकदा तरी चालून या.

पण लॉक सोडला की दुसरी फट उघडते. लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलेला सबस्ट्रीम, म्हणजे ती एक स्ट्रीम, तेवढ्यात क्लोज झाला तर? म्हणून क्लोजच्या वाटेवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबणं भाग आहे. नव्या अल्सामध्ये कार्डाला इंटरप्टचा नंबर सांगून ठेवला की सिंक-स्टॉपच्या वेळी ही वाट अल्सा स्वतःच पाहतं. ती एक ओळ लिहायला विसरू नका.

एकाच फाइलवरच्या दोन थ्रेडचाही विचार करा. २०२२ साली सापडलेला सीव्हीई-२०२२-१०४८ हा थेट अल्साच्या गाभ्यातला होता. एक थ्रेड एचडब्ल्यू-पॅराम्स मागतोय, दुसरा एचडब्ल्यू-फ्री. स्टेट तपासताना स्ट्रीम लॉक घेतला जायचा, पण तपासून झाल्यावर तो सोडून मग बफरचं काम व्हायचं. तो धरूनही ठेवता येत नव्हता, कारण मेमरी घेताना झोपावं लागू शकतं. शेवटी बफरसाठी वेगळा म्यूटेक्स, म्हणजे धरून झोपता येईल असा लॉक, आणावा लागला. तुमच्या कोडमध्ये 'तपासा, लॉक सोडा, काम करा' असा आकार दिसला की तो याच बगचा सख्खा भाऊ समजा.

केबल उपटली तेव्हा

यूएसबी कार्ड ऐन वाजत असताना काढून पाहणं ही चाचणी मी कधीच टाळत नाही. हाताने शंभर वेळा काढणं शक्य नसतं, म्हणून सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींमधून) ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करणारा, म्हणजे सोडवून पुन्हा जोडणारा, लूप लिहा. बाजूला दुसऱ्या लूपमध्ये प्लेबॅक चालू ठेवा आणि तिसऱ्यात मिक्सरचा आवाज वर-खाली करा. तिसरा लूप महत्त्वाचा, कारण कंट्रोल फाइल उघडी धरून बसलेला प्रोग्राम आपण नेहमी विसरतो.

क्रम असा ठेवा: आधी 'आता जायचंय' अशी खूण, म्हणजे नवीन कुणी आत येणार नाही. मग आत असलेल्यांची वाट. मग यूआरबी (यूएसबीवर पाठवलेल्या मागण्या), टायमर, वर्क थांबवणं. आणि मेमरी सोडायची ती सगळ्यात शेवटी, उघड्या फाइली बंद झाल्यावर. चिपचं स्ट्रक्चर डिस्कनेक्टमध्ये सोडू नका, कार्डाच्या प्रायव्हेट-फ्रीमध्ये सोडा.

टायमर आणि वर्क एकमेकांना उठवत असतील तर फार जपा. टायमर थांबवला, मग वर्क रद्द करायला गेलात, पण जाता जाता त्या वर्कने टायमर पुन्हा लावला. काही मिलिसेकंदांनी तो सोडलेल्या मेमरीत वाजतो. कर्नल ६.२ पासून टायमर कायमचा बंद करणारं शटडाऊन फंक्शन आलंय. त्यानंतर तो पुन्हा लावायचा प्रयत्न झाला तरी लागत नाही. आणि ज्या लॉकची वर्कला गरज आहे तो धरून वर्क संपायची वाट पाहू नका.

केसीसॅन आणि एक छोटा बिट

केसीसॅन अधूनमधून एखाद्या वाचन-लेखनावर पहारा ठेवतं, त्या सीपीयूला क्षणभर थांबवतं आणि तेवढ्यात दुसरा कुणी तिथे येतो का ते पाहतं. मूळ सेटिंगमध्ये साधारण चार हजारांत एकदा, आणि थांबणं ८० मायक्रोसेकंद, इंटरप्टमध्ये २०. म्हणून त्याला वेळ द्या, रात्रभर चालू ठेवा. स्ट्रिक्ट पर्याय लावा, नाहीतर काही साध्या लेखनांना ते अ‍ॅटॉमिक (मधे न तुटणारी) समजून सोडून देतं.

त्याने मला दाखवलेली एक गोष्ट. स्ट्रक्चरमध्ये 'रनिंग' आणि 'म्यूट' असे एकेका बिटचे दोन शेजारी फील्ड होते. एक इंटरप्टमध्ये बदलायचं, एक मिक्सरमधून. वाचताना वाटतं, वेगळी नावं आहेत, कसली शर्यत? पण दोन्ही एकाच बाइटमध्ये राहतात. बिट बदलायला सीपीयू पूर्ण बाइट वाचतो, बिट बदलतो, पूर्ण बाइट परत लिहितो. म्यूट करणाऱ्याने वाचल्यावर मधेच इंटरप्टने 'रनिंग' पुसलं, तर म्यूटचं लेखन ते पुन्हा उभं करतं. ड्रायव्हरला थांबलेली स्ट्रीम चालू वाटते. असे फील्ड एकाच लॉकखाली आणा, नाहीतर वेगळे बूलियन करा. केसीसॅनला गप्प करण्यासाठी सरसकट रीड-वन्स, राइट-वन्स (एकदाच वाच, एकदाच लिही असं कंपायलरला बजावणारे मॅक्रो) लावत सुटू नका. त्याने रिपोर्ट जातो, हरवलेला बिट परत येत नाही.

प्रिंट टाकला आणि बग पळाला

सिरियल कन्सोल ११५,२०० बॉडवर (सेकंदाला तितके बिट) असेल तर ८० अक्षरांची ओळ बाहेर पडायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. आपला पीरियड एक मिलिसेकंदाचा. म्हणजे एक प्रिंटके, म्हणजे कर्नलमधला प्रिंट, सात इंटरप्टांची वेळ खातो आणि सगळा क्रमच बदलून टाकतो. ट्रेस-प्रिंटके वापरा, तो मेमरीतल्या बफरमध्ये लिहितो. क्रॅश झाल्यावर तो बफर आपोआप ओतला जाईल असा बूट पर्याय लावून ठेवा.

उलट, वेळ बदलतो याचाच फायदाही घेता येतो. संशय असलेल्या दोन ओळींच्या मधे मुद्दाम काही मिलिसेकंदांचा डिले टाका. अंदाज बरोबर असेल तर दिवसातून एकदा येणारा बग प्रत्येक वेळी येऊ लागतो. आला नाही तर अंदाज चुकला, पुढच्या जोडीकडे वळा. कागदावरच्या सहा हातांच्या जोड्या करून मी अशी एकेक खोडत जाते.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

दहात एकदा येणारा बग तीस वेळा आला नाही, तर सुटला असं वाटतं. ०.९ चा तिसावा घात काढा: ०.०४. म्हणजे काहीच दुरुस्त केलेलं नसतानाही तीस स्वच्छ फेऱ्या मिळण्याची शक्यता चार टक्के. ती एका टक्क्याच्या खाली आणायला ४४ फेऱ्या लागतात. बायसेक्ट करतानाही, म्हणजे आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या करत बग आणणारा बदल शोधतानाही, प्रत्येक टप्प्याला हाच हिशोब धरा, नाहीतर एका चुकीच्या 'चांगला'वर सगळी दिशा फिरते.

आणि शेवटी दुरुस्ती काढून पुन्हा चालवा, बाकी सगळं तेच ठेवून. त्या रेकॉर्डिंग कार्डावर मी सिंक-स्टॉपमधलं वाट पाहणं काढलं, आणि नवव्या फेरीला लॉगमध्ये पुन्हा तेच छोटे आकडे आले. परत घातलं आणि लूप रात्रभर सोडून दिला. सकाळी सोडलेल्या पानांत 'एए'शिवाय काही नव्हतं, तेव्हा पॅच पाठवला. सोबत कमिट मेसेजमध्ये ते बारा बाइटही लिहिले.